गौरम्मानं काढलेली शरणम्मा

गौरम्मा मूळची वळसंगची. नागप्पाची पहिली बायको शरणम्मा पटकीनं गेली, त्याला दोन उन्हाळे झाले असतील नसतील, तेव्हा गौरम्मा त्याच्या घरात आली. घरात चार वर्षांची काशम्मा होती. बिजवराला पोर दिली म्हणून कुणी हळहळलं नाही. गौरम्माच्या बापाला पाठोपाठच्या मुली, आणि नागप्पा सोलापुरात मिलमध्ये कामाला. तेवढ्यावर लग्न ठरलं.

बाळी वेशीजवळच्या आमच्या गल्लीत त्यांची आणि आमची खोली एकाच भिंतीची. माझी आई सोजरबाई आणि गौरम्मा नळावर, जात्यावर, भाकरी थापताना जे बोलायच्या त्यातलं पुष्कळ मी ऐकलं. उरलेलं आईनं मी मोठी झाल्यावर सांगितलं.

नागप्पा मिलमध्ये गाठींवर नंबर घालायचा. पत्र्यात कोरलेले आकडे कापडाच्या गाठीवर धरायचे आणि वरून काळ्या शाईचा कुंचला फिरवायचा. लिहिता-वाचता त्याला येत नव्हतं, ना मराठी ना कानडी. पण चित्र यायचं. कुणी शिकवलं नव्हतं. मिलमध्ये कापडाच्या प्रत्येक ताग्यावर एक रंगीत तिकीट चिकटवत. कुणावर पोपट, कुणावर हत्ती, कुणावर कमळातली लक्ष्मी. छपाईत रंग सरकलेली तिकिटं टाकून देत. नागप्पा ती सदऱ्यात घालून घरी आणायचा, कारण त्यांची मागची बाजू कोरी असे.

शरणम्मा गेल्यावर त्यानं या कोऱ्या बाजूंवर तिला काढायला सुरुवात केली. मिलची शाई, चुलीवरची काजळी, नीळ, हळद, असलं काहीबाही डिंकात कालवून. एका तिकिटाचे रेघा मारून चार चौकोन करायचा. पहिल्या चौकोनात शरणम्मा भाकरी थापतीय. दुसऱ्यात शेळी दारातून डोकावतीय. तिसऱ्यात शेळीनं टोपल्यातली भाकरी पळवली. चौथ्यात शरणम्मा पिठाच्या हातानं गल्लीतून धावतीय आणि तिचा पदर मागं लोळतोय. अक्षर एकही नाही, पण कुणीही बघावं आणि त्याला गोष्ट कळावी. अशी दहा-बारा तिकिटं झाली की मिलच्याच सुतानं शिवून तो त्यांची चोपडी करायचा. एक चोपडी शेळीची, एक गड्ड्याच्या जत्रेत शरणम्माची चप्पल हरवली त्या दिवसाची, एक कासाराशी तिनं बांगड्यांसाठी घातलेल्या हुज्जतीची. डाळ निवडता निवडता सूप मांडीवर ठेवून तिला डुलकी लागायची, तीसुद्धा एक होती. शेवटची चोपडी तिच्या दुखण्याची. लिंगायतांत माणूस बसवून पुरतात. त्या चोपडीच्या शेवटच्या चौकोनात शरणम्मा खड्ड्यात मांडी घालून बसलेली होती, कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी.

नागप्पा चित्रं काढायचा, पण त्यांच्याबद्दल बोलायचा नाही. काशम्माला चोपड्या दाखवल्या त्या गौरम्मानं. पोर आईसाठी रडायला लागली की गौरम्मा तिला मांडीवर घ्यायची, ट्रंकेतली चोपडी काढायची आणि चौकोनावर बोट ठेवून सांगायची, "ही बघ तुजी अव्वा. आता बघ हं, शेळी येतीय." स्वतः तिनं शरणम्माला कधी पाहिलेलं नव्हतं. न कळलेल्या ठिकाणी ती माझ्या आईला विचारायला यायची. ही बाई कोण, हे भांडण कशावरून, शरणम्मा डाव्या हातानं का जेवतीय. आई सांगायची, आणि मग तेच ती पोरीला सांगायची. काशम्मा तिला चिगव्वा म्हणायची. कानडीत धाकट्या आईला तसंच म्हणतात. अव्वा म्हणजे चोपडीतली.

गौरम्मालाही एक मुलगा झाला. तो आठवडाभरही जगला नाही. त्याला पुरून आल्यावर काही दिवसांनी तिनं नागप्पापुढं एक कोरं तिकीट ठेवलं.

"त्याचं एक काढा की."

नागप्पानं तिकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं. "एवढ्याशा पोराचं काय काढायचं?" तो म्हणाला. "त्यानं काय केलंय तवा काढू?"

तो हे वाईटपणानं बोलला नव्हता, असं आई म्हणायची. त्याला खरंच सुचत नव्हतं. त्याच्या चोपड्यांत माणसं काहीतरी करत असायची, आणि त्या पोरानं रडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. गौरम्मानं तिकीट उचललं आणि परत चळतीत ठेवलं. त्यानंतर तिला मूल झालं नाही.

लग्नाला अशी सात वर्षं झाली. मग तीस साल आलं. त्या उन्हाळ्यात सोलापुरात गोळीबार झाला आणि पाठोपाठ मार्शल लॉ लागला. चौकाचौकांत सोजीर उभे. खादीची टोपी दिसली तरी धरतात, घरात निशाण सापडलं तर वर्षानुवर्षांची सजा देतात, रात्री झडती घेतात, अशी एकेक बातमी गल्लीत यायची आणि माणसं दारं लावून बसायची. नागप्पाच्या खात्यातला एकजण छापील पत्रकं बाळगली म्हणून धरला गेला. तसलीच दोन पत्रकं नागप्पानंही कुणाकडून तरी घेतली होती आणि देवाच्या तसबिरीमागं खोचून ठेवली होती. वाचता येत नसताना कशाला घेतली, कोण जाणे.

त्या दिवशी सकाळी मिलला निघताना तो गौरम्माला म्हणाला, "घरात जो काय कागद हाय तो जाळून टाक. एक चिटोरं ठिवू नको."

"समदं?"

"समदं म्हंजे समदं."

तो गेला. काशम्मा आमच्याकडे खेळत होती. गौरम्मानं दार लावून घेतलं आणि चूल पेटवली. आधी पत्रकं टाकली. मग भिंतीवरचं जुनं कॅलेंडर. मग ट्रंक उघडून सगळ्या चोपड्या. काशम्माची शाळेची वही तेवढी तिनं ठेवली.

संध्याकाळी नागप्पानं विचारलं, "जाळलंस?" ती म्हणाली, "जाळलं." तो जेवून झोपला. चोपड्या गेल्याचं चार-पाच दिवसांनी कळलं, तेही काशम्माला. ती ट्रंकेत हात घालून शोधत होती आणि कपडे बाहेर फेकत होती. आम्ही दारात जाऊन उभ्या राहिलो तेव्हा नागप्पा खाली बसलेला होता आणि गौरम्मा भिंतीला टेकून उभी होती.

"मी कागद म्हणलो हुतो," नागप्पा म्हणाला.

"ते कागदच की. मिलचे. झडतीत गावले असते तर चोरीचा आळ आला असता तुमच्यावर."

"ते कागद हुते व्हय?"

नागप्पानं तिला मारलं नाही. मारलं असतं तर गल्लीनं सोडवलं असतं, दोन दिवस बोललं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. त्यानं तिच्याशी बोलणं बंद केलं. भाकरी पुढं आली की खायची, पगार झाला की कोनाड्यात ठेवायचा. काशम्मा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं गल्लीभर सांगितलं, "चिगव्वानं माजी अव्वा जाळली." बायकांना हे पटायला वेळ लागला नाही. सवत मेलेली असली तरी सवतच, असं नळावर बोललं गेलं, गौरम्मा घागर धरून उभी असतानाच.

माझी आई तिची बाजू घ्यायची. नवऱ्यानं सांगितलं, बाईनं केलं, यात तिचा काय दोष, असं म्हणायची. एकदा गौरम्माच तिला थांबवून म्हणाली, "तसं न्हाय अक्का. पत्रकं टाकली तवा मला भ्या वाटत हुतं, खरं हाय. पर चोपड्या टाकताना भ्या न्हवतं. वरची चोपडी पेटली, पोपट आदी काळा झाला. मग तिचं तोंड. हात घालून काडता आली असती. मी बसून बघत ऱ्हायले."

आई म्हणाली, "मग? काय वाटलं तवा?"

"बरं वाटलं," गौरम्मा म्हणाली. "चूल इझूस्तवर बरं वाटलं."

हे तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, आणि आईनंही ती असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

काशम्मा चौदा-पंधराची झाल्यावर तिला कुर्डुवाडीला दिली. जावई रेल्वेच्या कारखान्यात होता, माणूस चांगला. पाठवणीच्या वेळी काशम्मा बापाच्या गळ्यात पडून रडली. गौरम्माच्या पाया पडली ती नुसती वाकून, हात न लावता. ती गेल्यावर त्या खोलीत दोन माणसं उरली आणि आवाज म्हणाल तर मिलच्या भोंग्याचा.

त्याच सुमारास कधीतरी गौरम्मानं वाण्याच्या पुडीचा कागद चुलीपाशी पसरला आणि कोळशानं रेघा मारून त्याचे चार चौकोन केले. चित्र तिनं आयुष्यात काढलं नव्हतं. रांगोळीसुद्धा तिची वाकडी यायची. पण त्या चोपड्या तिनं काशम्माला इतक्या वेळा दाखवल्या होत्या की कुठल्या पानावर काय आहे, शरणम्माचा कुठला हात वर आहे, टोपलं कुठल्या कोपऱ्यात आहे, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. सांगता येणं आणि काढता येणं वेगळं. तिनं कागदावर कागद खराब केले, चुलीत घातले. आईला ते दिसत होतं, पण तिनं विचारलं नाही. अखेर शेळीची गोष्ट चार चौकोनांत कशीबशी बसली. नागप्पाच्या ताटाशेजारी, पाण्याच्या तांब्याखाली तिनं तो कागद ठेवला.

नागप्पानं तांब्या उचलला, कागद बघितला. मग म्हणाला, "बोकड न्हवता. शेळी हुती."

तीन वर्षांत तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

तिनं बोकडाची शेळी केली. तर म्हणाला, पदर त्या खांद्यावर नव्हता. तिनं पदर बदलला. पुढच्या आठवड्यात त्यानं मिलमधून तिकिटं आणली आणि चुलीपाशी टाकली. स्वतः मात्र कुंचला धरला नाही. आईनं त्याला एकदा विचारलं होतं, "तुमीच का काडत न्हाई पुन्हा?" तो म्हणाला, "माझ्यानं आता हुत न्हाई." हात तर धडधाकट होता, मिलमध्ये रोज गाठींवर आकडे घालतच होता.

मिलला सुट्टी असली की दुपारी ती दोघं बसायची. गौरम्मा जमिनीवर वाकून काढायची आणि नागप्पा खाटेवरून सांगायचा. नाक एवढं मोठं नव्हतं. ती चालायची तेव्हा डावा पाय आधी पडायचा. हसताना ती तोंडावर हात धरायची, मधला एक दात किडका होता म्हणून. गौरम्मा विचारायची, "आन् रागात असली म्हंजे?" मग तो सांगायचा. एकदा सुरू झाला की नवरा आपल्या बायकोबद्दल दुसऱ्या बाईला सांगत नाही असलंही सांगायचा. शरणम्माच्या केसांना कसला वास यायचा. पहिल्या रात्री ती काय म्हणाली होती. भिंत पातळ होती; आमच्याकडे ऐकू यायचं आणि आई मला उगीच कसल्या तरी कामाला बाहेर पिटाळायची.

"तुला राग येत न्हाई व्हय गं?" आईनं एकदा विचारलं.

"येतो की. लई येतो," गौरम्मा म्हणाली. "पर तेवडंच बोलत्यात ते माझ्यासंगं. शेळीचं झालं, चपलंचं झालं. समदं काडून संपलं म्हंजे काय बोलतील, त्याची काळजी लागलीय."

म्हणून ती सावकाश काढायची. झालेलं चित्र नासलं म्हणून फाडायची आणि पुन्हा सुरू करायची. तिचा हात मात्र बसत गेला. शेवटी शेवटी काढलेल्या शरणम्माकडे बघून नागप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचा. चांगलं झालं असं तो कधी म्हणाला नाही. जाळण्याबद्दल माफही केलं नाही. चोपड्या शिवून झाल्या की स्वतःच्या धोतराच्या फडक्यात बांधायचा आणि उशाखाली ठेवायचा, तिच्या हाताला लागणार नाहीत अशा.

दुखण्याची चोपडी तिनं सगळ्यात शेवटी केली. तोवर नागप्पाचा खोकला वाढला होता. मिलमधून त्याला कमी केलं. खड्ड्यात बसलेल्या शरणम्माचं चित्र चालू असतानाच तो अंथरुणाला खिळला आणि थंडीच्या दिवसांत गेला.

काशम्मा कडेवर मूल घेऊन कुर्डुवाडीहून आली. माती झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, अंथरूण आवरताना तिला उशाखालचं गाठोडं सापडलं. तिनं गाठ सोडली. मी तिथेच होते, आईही होती. शेळी बघितली, चप्पल बघितली, कासार बघितला, आणि ती खाली बसून मोठ्यानं रडायला लागली. "अप्पानं परत काडली. माज्यासाटी परत काडून ठिवली."

गौरम्मा चुलीशी होती. तिनं वळून बघितलं. "ती मी काडलीत, काशी."

काशम्माचं रडणं थांबलं. "तू?"

"व्हय. तुज्या अप्पानं सांगितलं, मी काडली."

"तू जाळलीस," काशम्मा म्हणाली. "जाळणारी कशाला काडील?"

माझ्या आईला राहवलं नाही. तिनं चुलीतला विझका कोळसा उचलून गौरम्माच्या हातात दिला. "दाव तिला काडून. दाव म्हणते ना."

गौरम्माचं मन नव्हतं, हे दिसत होतं. पण ती सारवलेल्या जमिनीवर वाकली आणि तिनं काढलं. चार रेघांत चौकोन, त्यात सूप मांडीवर घेऊन डुलकी लागलेली शरणम्मा, मान एका बाजूला पडलेली, तोंड थोडं उघडं. हात कुठं अडला नाही. काशम्मा मुलाला पोटाशी धरून बघत होती. चोपडीतलं पान आणि जमिनीवरचं चित्र सारखंच होतं, त्यात शंकेला जागा नव्हती.

काशम्मानं चोपडी मिटली. आवाज चढलेला नव्हता. "अप्पानं तुज्याकडनं काडून घेतली म्हण. सांगणारा अप्पाच की. तू कुटं बघितली हुतीस माझ्या अव्वाला?"

तिनं चोपड्या फडक्यात बांधल्या आणि आपल्या ट्रंकेत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी गाडीनं ती गेली. जाताना मुलाला तिनं गौरम्माच्या पायांवर घातलं, तेवढी रीत पाळली. पुढं एकदा आम्ही कुर्डुवाडीला नात्यातल्या लग्नाला गेलो तेव्हा काशम्माकडे उतरलो होतो. मुलगा जरा मोठा झाला होता. ती त्याला मांडीवर घेऊन चौकोनावर बोट ठेवून सांगत होती, "ही बघ माजी अव्वा. माझ्या अप्पानं काडलीय. आता बघ हं, शेळी येतीय." आईनं माझ्याकडे बघितलं. तिथं बोलून काय करायचं होतं.

गौरम्मापाशीही आईनं तो विषय काढला होता, काशम्मा गेल्यावर लगेच. तू एवढं ऐकून घेतलंस कसं, म्हणून तिला बोलली होती. गौरम्मा जमिनीवरचं चित्र पोतेऱ्यानं पुसत होती. म्हणाली, "तिचं काय चुकलं अक्का? म्या जाळली, ते खोटं हाय का? आन् म्या बघितली न्हवती, तेबी खरंच."

नागप्पा गेल्यावर खोलीचं भाडं देणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती वळसंगला भावाकडे राहायला गेली. भाऊ बसवराज चांगला होता, भावजय शेतात राबवून घ्यायची, पण पोटभर घालायची. दोन वर्षांनी, लढाई सुरू झाली त्या साली, मी आणि आई अक्कलकोटला जाताना वाटेत तिच्याकडे थांबलो. ती शेंगा फोडत अंगणात बसली होती. वाळून काटकी झाली होती. तिची आई त्याच उन्हाळ्यात वारली होती.

बसवराजच सांगायला लागला. आईचा फोटो कधी काढलेला नव्हता. अक्का चित्रं काढते असं त्याच्या कानांवर आलेलं, म्हणून त्यानं अक्कलकोटहून चांगला जाड कागद आणि रंगाच्या वड्या आणून दिल्या आणि म्हणाला, आईचं एक काढ, भिंतीला लावू. "तीन डाव बसली," तो म्हणाला. "पर आई न्हाई आली. दुसरीच कोन बाई आली."

"कोन आली?" माझ्या आईनं विचारलं, विचारायची गरज नव्हती तरी.

गौरम्मा शेंगा फोडत राहिली. "शरणम्मा आली," ती म्हणाली. "आईचं नाक म्हणून काडते, तर तिचं नाक. डोळं तिचंच. म्या आईला तीस वर्सं बघितली, आन् हाताला तीच येतीय, जिला कदी बघितली न्हाई. हात दुसऱ्या कुणाला काडतच न्हाई."

"मग तो कागद?"

"हाय की आत. बसवराजाला म्हणलं, लाव भिंतीला, तिला गावात कोन वळखतंय. त्यो न्हाई म्हणला."

भावजयीनं आतून हाक मारली. गौरम्मानं ओच्यातली फोलपटं झाडली, फोडलेले दाणे पाटीत ओतले आणि पाटी घेऊन आत गेली. आम्हालाही उन्हाच्या आत पुढं निघायचं होतं.